डोके बदलले, ठिणगीचे काय?

जुनी बुलेट मोटारसायकल मागे माणूस बसवून चढावर वरच्याच गिअरमध्ये ओढत नेली, की इंजिनातून कधी कधी डब्यात खडे हलवावेत तसा कडकड आवाज येतो. मिस्त्री त्याला 'नॉकिंग' म्हणतात. त्या क्षणी सिलिंडरातील पेट्रोलचा काही भाग जळत नसून फुटत असतो.

"जळणे आणि फुटणे यांत फरक तो काय?" असे तुम्ही विचाराल. इंजिनात पेट्रोलचा 'स्फोट' होतो असे आपण सर्रास म्हणतो. पण ते बरोबर नाही. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, तेथे ज्योत धरते आणि ती पेट्रोल व हवेच्या मिश्रणातून पुढे पुढे सरकते. वाळलेल्या माळाच्या एका कोपऱ्याला वणवा लागावा, तसेच हे. या पसरण्याला वेळ लागतो.

किती, याचा हिशेब करू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. मिश्रण जळायला २ मिलिसेकंद लागतात असे धरा. तेवढ्यात क्रँक ३६ अंश फिरून जातो! दट्ट्या (मिस्त्रींचा पिस्टन) अगदी वर पोचल्यावर ठिणगी पाडली, तर दाब तयार होईपर्यंत तो खाली निघालेला असेल. म्हणून ठिणगी तो वर येत असतानाच पाडावी लागते. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या संथ गतीला तेच २ मिलिसेकंद म्हणजे फक्त १२ अंश. (वेग वाढला की मिश्रण अधिक घुसळले जाते व ज्योतही भरभर पळते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका मोठा नसतो.)

आता सिलिंडरच्या डोक्याकडे, म्हणजे 'हेड'कडे वळू. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. यावरून घनफळ काढून पाहा. ते ३४६ घन सेंटिमीटर येईल. दट्ट्या वर पोचल्यावर डोक्यात ६३ घन सेंटिमीटर जागा उरते असे समजा. म्हणजे ४०९ चे ६३ झाले, साधारण साडेसहा पट दाबले गेले. याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर ८ केले, तर तितक्याच पेट्रोलातून तत्त्वतः सुमारे ७ टक्के अधिक काम मिळते. मग कारखान्याने आधीच का केले नाही? कारण या गाडीचा जन्म १९४० नंतरच्या दशकातला, ब्रिटनमधला. युद्धकाळापासून तिथे मिळणारे 'पूल' पेट्रोल फार हलके होते; अधिक दाब त्याला सोसत नसे.

आजचे पेट्रोल पुष्कळ सोशिक आहे. म्हणून हौशी लोक जुन्या गाडीचे हेड लेथवर घासून घेतात. एक मिलिमीटर घासले की वरची जागा जवळजवळ ४ घन सेंटिमीटर घटते आणि गुणोत्तर ६.९ च्या आसपास जाते. आठपर्यंत न्यायला साडेतीन मिलिमीटर घासावे लागेल. तेवढ्यात दट्ट्या व झडपा एकमेकांना भिडण्याचा धोका. तेव्हा उंच माथ्याचा दट्ट्या बसवणे बरे.

पण खरी चूक पुढेच होते. हेड घासले जाते आणि ठिणगीची वेळ जुन्याच खुणेवर राहते. सायकलला हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले आहेच. अधिक दाबलेले मिश्रण अधिक तापते आणि अधिक भरभर जळते. ठिणगी पूर्वीइतकीच लवकर पडली, तर दट्ट्या वर येत असतानाच दाब कळसाला पोचतो. मग कोपऱ्यात उरलेले, अजून न पेटलेले मिश्रण चिरडले जाऊन ज्योत पोचण्याआधीच एकदम पेट घेते. हाच तो कडकडाट. धातूला लागून असलेला वायूचा संरक्षक थर त्या धक्क्यांनी विस्कटतो आणि दट्ट्याचा माथा वितळू लागतो. असा एक दट्ट्या मी हातात घेऊन पाहिला आहे. मधोमध बोट जाईल एवढे भोक!

गंमत अशी, की प्रारंभी या आवाजाचा दोष निव्वळ ठिणगीच्या माथी मारला गेला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवरची ठिणगी-योजना १९१० च्या कॅडिलॅक गाडीसाठी दिली, तेव्हा लोकांनी तिच्याकडेच बोट दाखवले. त्या शोधातून केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ साली पेट्रोलात घालायचे शिशाचे संयुग सापडले. आवाज थांबला, पण धुरातून विषारी शिसे जगभर पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दुसरी वाट धरली. ज्योतीला कमी अंतर चालावे लागेल, असे डोकेच बनवावे! त्यांनी ट्रायम्फच्या ४९९ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर चार झडपांचे डोके बसवले. १९२१ साली ही गाडी पुढे आली. चार झडपांमुळे प्लगला मधोमध जागा मिळाली.

बुलेटच्या दोन मोठ्या झडपांमध्ये तशी जागा नाही, प्लग कडेला. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या बाजूस दुसरा प्लग. शिक्षकांसमोर, जवळ पाणी ठेवून, हा प्रयोग करा. कागदाची वीतभर पट्टी ताटलीत ठेवून एका टोकाला पेटवा व सेकंद मोजा. तेवढीच दुसरी पट्टी दोन्ही टोकांना एकदम पेटवा. दुसरीला सुमारे निम्माच वेळ लागेल. अर्थात दोन प्लगच्या डोक्यात ठिणगीही काही अंश उशिरा पाडावी लागते. २००३ साली बजाजने पल्सरमध्ये असेच दोन प्लग दिले.

जुन्या गाडीत ही वेळ 'पॉइंट' ठरवतात. त्यांची जोडी उघडली की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी पडते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते व ठिणगी मागे पडते. इलेक्ट्रॉनिक योजनेत घासणारे काही नसल्याने लावलेली वेळ टिकते. पॉइंट असतील, तर मिस्त्री त्यांच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतो, क्रँक हळूहळू फिरवतो आणि कागद ज्या क्षणी सैल सुटतो तेथेच हात थांबवतो.