बेंगळुरू जवळ, तिसरा मजला लांब

पुण्याहून बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. टू बीएचकेचा संसार हलवायचा तर सामान भरतं दोनेक टन: फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग, लोखंडी कपाट, सोफा, गाद्या, भांडी आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली दहाबारा खोकी. चौदा फुटी आयशरमध्ये हे सगळं बसतं. गाडी लिटरला आठ किलोमीटर देते असं धरू आणि डिझेल ९० रुपये. म्हणजे १०५ लिटर, साडेनऊ हजार रुपये. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायरची झीज आणि मालकाचे चार पैसे धरून गाडीभाडं वीस हजारांवर नेऊ. आता भागाकार करा. एक किलो सामान एक किलोमीटर पुढे सरकवायला जेमतेम सव्वा पैसा पडतो.

आता जिना. इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि गाडी सोसायटीच्या गेटबाहेरच उभी राहणार. दारापासून गाडीपर्यंत पायऱ्या, वळणं, पार्किंग धरून शंभर मीटर. चार हमाल, प्रत्येकी हजार रुपये, एका टोकाचे चार हजार. दोन टन सामान शंभर मीटर नेण्याचे चार हजार म्हणजे किलोला किलोमीटरमागे वीस रुपये. रस्त्याच्या दराच्या सोळाशे पटींहून जास्त. जिन्याचा हा दर थेट बेंगळुरूपर्यंत लावला, तर दोन टनांचे होतात ३ कोटी ३६ लाख रुपये. तेवढ्यात तिथे नवा फ्लॅट येईल, आतल्या फर्निचरसकट.

यावरून हमाल लुटतात असा निष्कर्ष काढणाऱ्याने एकदा गादी खांद्यावर घेऊन तीन मजले उतरून पाहावं. पंचवीस किलोची एक खेप धरली तर दोन टनांच्या ऐंशी खेपा होतात. उतरताना ओझं आणि चढताना नुसतं स्वतःचं अंग. दुसऱ्या टोकाला बरोबर उलटं. तीन मजल्यांची उंची नऊ मीटर धरली तर ऐंशी खेपांची नुसती चढण ७२० मीटर भरते, आणि ती चौघांत वाटायची.

पण शाळेतल्या भौतिकशास्त्राला विचारलं तर ते वेगळंच सांगतं. दोन टन वजन नऊ मीटर उचलायला लागणारी ऊर्जा किती? साधारण पावणेदोन लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटचा विसावा भाग. युनिटला दहा रुपये धरले तर पन्नास पैसे! अख्खा संसार तिसऱ्या मजल्यावर चढवायला निसर्ग पन्नास पैसे मागतो आणि आपण चार हजार देतो. मग मधले ३,९९९ रुपये ५० पैसे जातात कशाला?

ते जातात लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर फिरवायला. एकजण वर, एकजण खाली. दारं चिकटपट्टीने बांधलेली, कोपऱ्यांना पुठ्ठा. खालच्याच्या छातीवर सगळा भार, आणि वरचा पाठमोरा, पायाने पायरी चाचपत. ‘काका, बाजूला व्हा. चप्पल उचला ती.’ मग कपाट उभं करायचं, कठड्यावरून वितभर वर न्यायचं, तिरकं करायचं, भिंतीचा रंग न खरवडता फिरवायचं आणि पुन्हा आडवं. कठडा आणि भिंत यांच्यामधली जागा कपाटापेक्षा दोन बोटं जास्त. हे सगळं चाळीस सेकंदांत. एवढ्या वळणात यंत्र मावणं कठीण. पैसे वजन उचलण्याचे नसतात, ते या दोन बोटांच्या अंदाजाचे असतात. डोक्यावर-पाठीवर ओझी वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती, हे पॅकर्स-मूव्हर्सच्या बिलावरून घासाघीस करताना आठवलेलं बरं.

हा हिशेब फक्त आपल्या जिन्यांना लागू पडतो असं नाही. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाचं मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेलं. अमेरिकी लष्कराचा माल होता: धान्य, टपाल, यंत्रांचे सुटे भाग, आणि तिकडे नेमणूक झालेल्यांचं घरगुती सामानही. संशोधकांनी या एका फेरीचा नगाला नग असा हिशेब मांडून ठेवला आहे. सुमारे पाच हजार टन माल आणि नग १,९४,५८२! खोकी, पोती, पिंपं, गठ्ठे, पेटारे आणि ५३ गाड्या. हा माल १५१ गावांतून १,१५६ वेगवेगळ्या खेपांनी बंदरावर गोळा झाला. जहाज भरायला सहा दिवस, अटलांटिक ओलांडायला साडेदहा, उतरवायला चार. माल हलू नये म्हणून नुसत्या लाकूड-दोरखंडाला पाच हजार डॉलर लागले. पहिला नग घरून निघाल्यापासून शेवटचा नग मुक्कामी पोचेपर्यंत ९५ दिवस गेले, त्यातले समुद्रावरचे साडेदहा.

पैशाचंही तसंच. एकूण खर्च २,३७,५७७ डॉलर. त्यात महासागर ओलांडण्याचा वाटा साडेअकरा टक्के, आणि दोन्ही बंदरांवर उचल-ठेव करण्याचा जवळजवळ ३७ टक्के. अटलांटिक स्वस्त पडला, धक्का महाग.

माल्कम मॅकलीन हा मुळात ट्रकवाला. बंदरावर एकेक नग उचलत बसण्यापेक्षा ट्रकची अख्खी पेटीच जहाजावर का चढवू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल जहाजात भरायचा तर तेव्हा टनाला ५.८ डॉलर पडत. मॅकलीनच्या माणसांनी पेट्यांचा हिशेब केला तो निघाला १६ सेंट. छत्तीस पट स्वस्त. जहाजाचा वेग वाढला नव्हता, इंधन बदललं नव्हतं, समुद्र होता तेवढाच होता. कमी झालं होतं ते फक्त माणसाने नगाला हात लावणं.

त्या ५८ पेट्यांचं आज काय झालं आहे ते जून २०२५ मध्ये केरळात विळिंजमच्या धक्क्याला लागलेल्या ‘एमएससी इरिना’वर दिसलं. लांबी ४०० मीटर, रुंदी ६१ मीटर, क्षमता वीस फुटी २४,३४६ कंटेनरची. या पेट्या एकीला एक लावून ठेवल्या तर रांग होते १४८ किलोमीटरची, म्हणजे मुंबईपासून पुण्यापर्यंत. अशा एका पेटीत आपला टू बीएचके आरामात मावतो आणि वर जागा उरते. घरात चार माणसं धरली तर २४,३४६ घरांत ९७ हजार माणसं झाली. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर शहराची लोकसंख्या ९९ हजारांच्या आसपास होती. अख्ख्या पंढरपुराचे संसार, पाटा-वरवंट्यांसकट, एका जहाजात! पण ते उतरवल्यावर घराघरांत न्यायला ऐंशीच्या हिशेबाने साडेएकोणीस लाख खेपा लागतील, आणि त्या कुठल्याच जहाजाला जमणार नाहीत.

आपल्या बिलाकडे येऊ. गाडी वीस हजार, दोन्ही टोकांची हमाली आठ, बबल रॅप-पुठ्ठा-पॅकिंग सहा, वर अठरा टक्के जीएसटी: चाळीस हजार झाले. विमा वेगळा. तो जाहीर किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत जातो. तीन लाखांचं सामान लिहिलंत तर नऊ हजार, म्हणजे बेंगळुरूपर्यंतच्या डिझेलइतकेच. (सरकारने एक मेहेरबानी केली आहे: वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही.)

चौदा फुटी गाडीत पाचशे घनफूट जागा असते. म्हणजे घनफुटाला ऐंशी रुपये. तिघांचा सोफा ५८ घनफूट अडवतो, त्याचे झाले साडेचार हजारांच्या वर. तीनशे पुस्तकांचं वजन १२० किलो, पण जागा सातआठ घनफूट, त्यांचे सहाशे-साडेसहाशे. तरी घर बदलताना घरोघरी वाद होतो तो पुस्तकांवरून. ‘एवढं वजन कशाला न्यायचं?’ सोफ्याखालच्या हवेचे साडेचार हजार कुणी विचारत नाही. उलट वजनाने पाहिलं तर बिल किलोला वीस रुपये पडतं. रद्दी नेणं शुद्ध तोट्याचा धंदा आहे, कारण रद्दीवाला तेवढा भाव देत नाही.

संसाराचं वजन किती असावं हे केंद्र सरकारने तर लेखी ठरवूनच टाकलं आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या २०१७ च्या आदेशाप्रमाणे बदली झाली की वेतनस्तर सहा आणि त्यावरच्यांना सहा हजार किलो सामान नेता येतं, पाचवाल्यांना तीन हजार, चार आणि खालच्यांना दीड हजार. रस्त्याने न्यायचं तर त्या आदेशातले दर होते किलोमीटरला अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये. पुण्याहून दिल्ली साधारण १,४५० किलोमीटर, म्हणजे त्या दराने साहेबांचे ७२,५०० आणि शिपायाचे २१,७५०. वर मूळ पगाराच्या ऐंशी टक्के बदली अनुदान वेगळं. बढती मिळाली की संसार चौपट जड होतो, असं सरकारचं गणित. ते फारसं चुकीचं नसावं.

अंतर किती बिनमहत्त्वाचं असतं हे पाहायला स्वीडनमधल्या किरुना गावी जावं. तिथे लोखंडाच्या खाणीमुळे जमीन खचायला लागली, म्हणून गावच हलवताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं १९१२ चं लाकडी चर्च, ६७२ टनांचं, न सोडवता गाड्यांवर चढवून नेलं. अंतर पाच किलोमीटर, वेळ दोन दिवस, खर्च अंदाजे पन्नास कोटी क्रोनर. आपल्या पैशात साडेचारशे कोटी, किलोला पावणेसात हजार रुपये. रस्ता रुंद करण्यापासून सगळी तयारी त्यात आली. म्हटलं तर हेही जिन्यातलं कपाटच, फक्त चाळीस मीटर रुंद.

आणि जिन्यांचा जिना म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते डोक्यावर चारशे किलोमीटरवर आहे, पुणे-नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. पण चढ सरळ उभा. खासगी कंपन्यांसाठी नासाने २०२१ मध्ये दरपत्रक सुधारलं: सामान वर नेण्याचे किलोला २० हजार डॉलर, डॉलर ८५ रुपयांना धरला तर सतरा लाख. जून २०२५ मध्ये, म्हणजे इरिना विळिंजमला लागली त्याच महिन्यात, अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले ते सोबत गाजर हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस घेऊन. या दरपत्रकाने वाटीभर आमरसाचे दोनअडीच लाख व्हायचे. वरचा कचरा टाकायचा तरी किलोला २० हजार डॉलर. आणि सामान धडपणे खाली आणायचं असेल तर ४० हजार.

म्हणून आता हे सव्वाचारशे टनांचं घर रिकामं करायची वेळ आली आहे, तर ते खाली आणायचा विचार कुणी करत नाही. जून २०२४ मध्ये नासाने स्पेसएक्सला ते कक्षेतून खाली ढकलणारं यान बांधायचं काम दिलं, ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचं. बरंचसं वाटेत जळेल, उरलेलं समुद्रात पडेल. किलोला दोन हजार डॉलर पडतात. दरपत्रकातल्या चाळीस हजारांपुढे हा सौदा स्वस्तच म्हणायचा.