मद्यार्काचे तीन संकेत
पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नवं संयुग बनलं, की त्याचा नमुना एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) यंत्रात जातो. ११.७ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजनची केंद्रकं सुमारे ५०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना दाद देतात. पण सगळी नेमक्या एकाच वारंवारतेला नव्हे. भोवतालचे इलेक्ट्रॉन चुंबकक्षेत्र किंचित अडवतात, त्यामुळे शेजार बदलला की संकेत सरकतो.

१९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे, म्हणजे मद्यार्काचे, तीन संकेत वेगळे दाखवले. क्षेत्रफळांचं प्रमाण ३:२:१, म्हणजे रेणूतल्या हायड्रोजनची थेट शिरगणतीच! यातले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले आणि एनएमआरचं संशोधन त्यांनी तिथं रुजवलं. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, हे खटकतं.

द्रवातले संकेत असे सुटे दिसतात; उत्प्रेरकाची घन भुकटी मात्र हट्टी. तिचे संकेत पसरट येतात. म्हणून ते अरुंद करण्यासाठी नमुना चुंबकक्षेत्राशी ५४.७ अंशांत कलता ठेवून सेकंदाला हजारो वेळा फिरवतात.