आवाज देशाचा, दोरी सरकारची

भारतात रेडिओवरून स्वतःच्या बातम्या देण्याचा अधिकार आजही एकाच संस्थेकडे आहे. खासगी एफएम वाहिन्या गाणी वाजवतात, रहदारीची खबर देतात, धावफलक सांगतात. पण स्वतःचा बातमीदार पाठवून स्वतःची बातमी द्यायला त्यांना परवानगी नाही. बातमीपत्र लावायचंच असेल तर आकाशवाणीचं, आणि तेही जसंच्या तसं. एक वृत्तपत्र पटलं नाही तर वाचक दुसरं घेतो. रेडिओच्या श्रोत्याला तशी सोय नाही. आकाशवाणीची प्रसारणं देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत पोहोचतात, असं ही संस्था सांगते. इतक्या लोकांना बातमी देणारी संस्था एकटीच असेल, तर तिच्या बातम्यांतला राजकीय समतोल हा प्रत्येक श्रोत्याच्या हक्काचा प्रश्न ठरतो.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्त विभाग आहेत, गोव्यात पणजीला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतले अंशकालीन बातमीदार मजकूर पाठवतात, दिल्लीहून राष्ट्रीय बातम्या येतात, सरकारी प्रसिद्धिपत्रकांचा ओघ सुरूच असतो. यातून संपादक निवड करतो, क्रम लावतो, ठळक बातम्या काढतो आणि कागद निवेदकाच्या हाती जातो. पुणे केंद्राच्या सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदकांनी स्वच्छ उच्चार आणि संयत स्वर यांच्या बळावर या बातमीपत्रांना घराघरांत मान मिळवून दिला. आरडाओरडा नाही, अंदाजपंचे नाही, अफवा नाही, हा लौकिक आकाशवाणीने कष्टाने कमावलेला आहे आणि तो खरा आहे.

पण दहा मिनिटांच्या बातमीपत्रात बसतात जेमतेम हजारभर शब्द. वृत्तपत्राच्या एका पानावर याच्या कितीतरी पट मजकूर मावतो. त्यामुळे रेडिओच्या संपादकाचं मुख्य काम गाळण्याचंच, आणि पक्षपात शिरतो तो इथूनच. समजा, मराठवाड्यातल्या एका तालुक्यात पाणीटंचाई आहे. पालकमंत्र्यांनी आढावा बैठक घेतली, टँकर वाढवण्याचे आदेश दिले. त्याच दिवशी तहसील कचेरीवर हंडा मोर्चा निघाला. बैठकीची बातमी दिली आणि मोर्चाची राहिली, तर बातमीपत्रातलं एकही वाक्य खोटं नसतं. मंत्री खरोखर बोलले, आदेश खरोखर निघाले. तरीही श्रोत्यापर्यंत पोहोचतं ते अर्धंच. ज्या गावात टँकर आलेलाच नाही, तिथला माणूस ही बातमी ऐकतो तेव्हा त्याचा सरकारवरचा विश्वास वाढत नाही, रेडिओवरचा मात्र उडतो.

असं घडायला एखाद्या संपादकाची वाईट नियत लागत नाही. आकाशवाणीच्या वृत्तसेवेतली महत्त्वाची पदं भारतीय माहिती सेवेतले अधिकारी सांभाळतात आणि ही सेवा माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. याच सेवेतला अधिकारी आज पत्र सूचना कार्यालयात बसून सरकारची प्रसिद्धिपत्रकं काढतो आणि उद्या बदलीने वृत्त विभागात येऊन तीच पत्रकं बातमी म्हणून तपासतो. यांत अनेक माणसं सचोटीने काम करतात. पण बदली आणि बढती ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्धची बातमी पहिल्या क्रमांकावर लावायला रोज धैर्य लागावं, ही रचनाच चुकीची आहे.

ही रचना मुळात परक्या सत्तेने उभी केली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. ती १९३० मध्ये बुडाली, सरकारने प्रसारण ताब्यात घेतलं आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं; तीच आजची आकाशवाणी. भारत छोडो आंदोलन पेटलं तेव्हा हा रेडिओ अर्थातच राज्यकर्त्यांच्या बाजूने बोलत होता. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो सरकारी रेडिओने दडपलेल्या बातम्या लोकांना कळाव्यात म्हणून. पोलिसांना चुकवत, जागा बदलत त्यांनी तो नोव्हेंबरपर्यंत चालवला. पुढे १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून गोवामुक्तीचं प्रक्षेपण केलं, त्यामागेही पोर्तुगीज सत्तेचा एकतर्फी प्रचार हेच कारण होतं.

१९४७ मध्ये मालक बदलला, मालकी मात्र सरकारचीच राहिली. देशात आणि बहुतेक राज्यांत एकच पक्ष सत्तेवर होता तोवर हे फारसं टोचलं नाही. १९६७ मध्ये अनेक राज्यांत बिगर-काँग्रेस सरकारं आली आणि मुख्यमंत्र्याने आकाशवाणीवरून केंद्रावर टीका केली तर काय करायचं, हा पेच उभा राहिला. त्यातून एक आचारसंहिता आली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्रावर किंवा राज्यांवर द्वेषपूर्ण टीका नको. मात्र धोरणांची शांतपणे चर्चा करायला हरकत नाही. कागदावर हे वाजवी वाटतं. अडचण एवढीच, की टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो हे ठरवणारा सरकारचाच नोकर. त्याआधीच, १९६६ मध्ये, अशोक चंदा समितीने आकाशवाणीला स्वायत्त महामंडळ करा असं सांगितलं होतं. ते बाजूला राहिलं.

याची किंमत आणीबाणीत कळली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा लोकांनी रेडिओवरच ऐकली. दोनच दिवसांत माहिती व प्रसारण खातं इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून काढून विद्याचरण शुक्ल यांच्याकडे देण्यात आलं. १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी केली गेली. म्हणजे बातमी ज्या झऱ्यातून येते तोच ताब्यात आला. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमाला साथ दिली नाही म्हणून त्यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये श्वेतपत्रिका काढून हा सगळा गैरवापर नोंदवला.

लोकांनी दुसरीकडे कान लावले होतेच. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्या मृत्यूची बातमी बीबीसीने दिली, त्यानंतर कित्येक तासांनी, संध्याकाळी, आकाशवाणीने ती अधिकृतपणे सांगितली. घाई टाळण्यातही अर्थ असतो, पण इथे खात्री म्हणजे सरकारची मान्यता असं समीकरण झालं होतं. त्या समीकरणाची दुसरी बाजू २२ मार्च १९७९ रोजी दिसली. जयप्रकाश नारायण गेले असं लोकसभेत जाहीर झालं आणि आकाशवाणीनेही ते देशाला सांगितलं. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात होते, जिवंत. आकाशवाणीचं केंद्र त्याच शहरात होतं. सरकारच्या तोंडून आलं म्हणून पडताळलं नाही, हा दोष सत्तेवर कुठलाही पक्ष असो, तसाच राहतो.

सुटकेचा मार्ग वारंवार आखला गेला. बी. जी. वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. १९९० मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन एका स्वायत्त महामंडळाकडे सोपवणारा प्रसार भारती कायदा झाला. सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्य आणि वस्तुनिष्ठ स्वरूपात मिळण्याचा नागरिकांचा हक्क जपणं आणि स्वतःचं कोणतंही मत न लादता परस्परविरोधी मतं मांडणं, हे या कायद्यानेच प्रसार भारतीचं उद्दिष्ट ठरवलं. तो अमलात यायला मात्र १९९७ उजाडलं. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. निवडणुकीच्या काळात मान्यताप्राप्त पक्षांना न्याय्य वाटणीने वेळ देण्याची १९९८ पासूनची पद्धतही चांगली आहे. निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली वाटणी होते, म्हणून पक्ष ती स्वीकारतात. नियम ठरलेला असला आणि पंच बाहेरचा असला की समतोल साधता येतो, याचा हा चालता पुरावा आहे.

निवडणूक संपली की पंच जातो. १९६७ चा पेच ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण आकाशवाणी आणि दूरदर्शनने मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित करायला नकार दिला. २०१४ पासून पंतप्रधानांची ‘मन की बात’ दरमहा प्रसारित होते. विरोधी पक्षनेत्याला तसा नियमित वेळ नाही. २०२३ मध्ये प्रसार भारतीने रोजच्या बातम्यांसाठी हिंदुस्थान समाचार या संस्थेशी करार केला. विश्व हिंदू परिषदेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या दादासाहेब आपटे यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली ही संस्था. गंमत म्हणून नव्हे, इशारा म्हणून आठवावं, की १९७६ मध्ये ‘समाचार’मध्ये विलीन केलेल्या चौघींपैकी ती एक होती. सार्वजनिक प्रसारकाचे झरे एकाच विचाराच्या दिशेने वळले, तर तो विचार कोणता हा प्रश्न दुय्यम ठरतो. विरोधात असताना स्वायत्तता मागायची आणि सत्तेत आल्यावर दोरी हातात ठेवायची, हे जवळजवळ सगळ्यांनीच केलं आहे.

समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना मोजून सारख्या ओळी देणं, असाही एक गैरसमज आहे. धरणात पाणी किती हे मोजता येतं. तिथे मंत्री आणि विरोधक यांची एकेक प्रतिक्रिया देऊन भागत नाही, आकडा सांगावा लागतो. समतोल हवा तो जिथे धोरणाबद्दल खरोखर मतभेद आहेत तिथे. आणि त्यात तिसरी बाजूही हवी, जिच्यावर धोरणाचा परिणाम होतो तिची. हंडा घेऊन निघालेली बाई कोणत्याही पक्षाच्या कोट्यात बसत नाही.

यासाठी नवा कायदाही लागणार नाही. आहे त्याच कायद्यात संसदीय समितीची आणि प्रसारण परिषदेची तरतूद आहे. ती अमलात आणावी. वृत्त विभागाला मंत्रालयाच्या बदल्यांपासून मुक्त असे स्वतःचे संपादक द्यावेत. कोणत्या बातमीला आणि कोणाच्या म्हणण्याला किती वेळ मिळाला, याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, ही दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०२३ ची शिफारस स्वीकारावी. स्पर्धा आली तर आकाशवाणीचं नुकसान होणार नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतले बातमीदार, बोलीभाषांपर्यंत पोहोचलेली केंद्रं आणि शांत स्वराचा वारसा तिच्याकडे आहे, तेवढा दुसऱ्या कोणाकडे नाही. तिला कमी पडतं आहे ते एकच: सत्तेला नको असलेली बातमीही त्याच शांत स्वरात देण्याचं स्वातंत्र्य. ते देणं हे सरकारच्या हातात आहे, आणि मागणं आपल्या.