जुन्या गाडीचं इंजिन: काम काढावं की बदलावं?

पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती, ती शेवटच्या गाडीनेही पूर्ण केली. खासगी पद्मिनी, तिच्या आधीची फियाट डिलाइट, महिंद्राची सीजे-३बी जीप या गाड्या मात्र अजून कित्येक घरांत जिवापाड जपलेल्या आहेत. त्यांच्या मालकांना आज ना उद्या एक प्रश्न पडतोच: इंजिनचं काम काढायचं की दुसरं इंजिन टाकायचं? यावर सल्ले भरपूर मिळतात, पण त्यातले बरेचसे इंजिन न उघडता आणि काहीही न मोजता दिलेले असतात. माझं मत आधीच सांगतो. मूळ इंजिन वाचण्यासारखं असेल तर ते वाचवावं, आणि ते वाचण्यासारखं आहे का हे मायक्रोमीटरला ठरवू द्यावं.

गैरसमज: गाडी धूर मारते, ऑइल पिते, म्हणजे इंजिन गेलं.

आधी धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटर किंवा चोक तपासा. गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि रेडिएटरमधलं घटणारं पाणी म्हणजे हेड गॅस्केट फुटलंय, हेड वाकलंय किंवा कुठेतरी तडा गेलाय. ऑइल जळतं तेव्हा धूर निळा येतो, पण निळ्या धुराचीही दोन कारणं असतात. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली आल्यावर तो दाबताच निळा भपका निघत असेल तर ऑइल बहुधा व्हॉल्व्ह गाइडमधून खाली ओढलं जातंय. चढावर, इंजिनवर भार असताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगा आणि बोअरवर घ्यावा. गाइड झिजले असतील तर पद्मिनीत हेड उतरवून काम भागतं, इंजिन गाडीतून काढावंही लागत नाही.

जीपचं गणित थोडं वेगळं. सीजे-३बीच्या हरिकेन इंजिनमध्ये इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. (हे इंजिन उंच असल्यामुळेच त्या जीपचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा वर उचललेलं दिसतं.) त्यामुळे जीपचं नुसतं हेड करून आणलं आणि कॉम्प्रेशन तरी येईना, असं झालं तर आश्चर्य नाही. जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिलेला असतो.

रंग बघून झाला की कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग काढलेले आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहा. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर गळती रिंगांतून होतेय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी. या तपासणीला तासभरही लागत नाही, तरी इंजिन उतरवण्याचा निर्णय पुष्कळदा तिच्याविनाच होतो. ऑइलच्या दाबाचंही तेच. दिवा लुकलुकतोय म्हणून बेअरिंगं गेली असं धरण्याआधी साधा मेकॅनिकल गेज जोडून दाब मोजा. बिघाड कधीकधी फक्त दिव्याच्या स्विचमध्ये निघतो.

गैरसमज: रिंगा आणि बेअरिंगं नवी टाकली की ओव्हरहॉल झालं.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५. पण हा ६८चा आकडा इंजिन नवं असतानाचा. वर्षानुवर्षं चाललेला सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून मागे फिरते तिथे झीज सर्वात जास्त होते, आणि त्याच्या वरचा पट्टा रिंगेचा स्पर्शच होत नसल्याने कोरा राहतो. त्यामुळे तिथे एक कडा तयार होते. हेड काढल्यावर बोअरच्या तोंडाशी नख फिरवा, ते अडकलं तर ती हीच कडा. तिला तसंच ठेवून नवी, धारदार कोपऱ्याची रिंग घातली तर ती कडेवर आदळते आणि तुटू शकते. शिवाय झिजलेला सिलिंडर गोल उरलेला नसतो. पिस्टनचा रेटा ज्या बाजूंना पडतो त्या बाजूंना तो जास्त खाल्ला जातो. लंबगोल भोकात गोल रिंग नीट बसणार कशी? काही महिन्यांत धूर परत सुरू होतो आणि नाव मात्र रिंगांच्या कंपनीचं खराब होतं.

म्हणून बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, एकमेकांना काटकोनात दोन दिशांनी मोजायचा. एका सिलिंडरचे सहा आकडे, चार सिलिंडरचे चोवीस. क्रँकच्या जर्नलांचंही असंच. हे आकडे मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडले की उत्तर समोर येतं: नुसतं होनिंग पुरेल, की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील. जीपवाल्यांच्या भाषेत दहा थाऊ, वीस थाऊ असे हे टप्पे असतात. वीस थाऊ म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. क्रँक ग्राइंड केला तर बेअरिंगही तेवढंच अंडरसाइज लागतं.

क्रमाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. पिस्टन आधी हातात यायला हवेत, बोअरिंग नंतर. जुन्या गाड्यांना सगळे साइज मिळतातच असं नाही. वीस थाऊवर बोअर करून बसलात आणि बाजारात फक्त चाळीसचे पिस्टन असले, तर ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवावा लागतो आणि त्याचं उरलेलं आयुष्य विनाकारण कापलं जातं. शिवाय चांगला बोअरिंगवाला पिस्टन स्वतः मोजतो आणि सिलिंडर त्या पिस्टनच्या मापाने, हवी तेवढी फट ठेवून कापतो. पिस्टन न मागता बोअर करून देणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका.

इंजिन उघडलंच आहे तर आणखी एक काम उरकून घ्या. देशात शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झालं. त्या शिशामुळे जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटचं रक्षण व्हायचं. सीट मऊ असतील तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे फ्युएल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी पाइपही इथेनॉल सोसणारे हवेत.

गैरसमज: बोअर संपला किंवा ब्लॉक तडकला, की तो भंगारात.

शेवटचा ओव्हरसाइज वापरून झाला तरी बहुतेक ब्लॉकांत लायनर, म्हणजे स्लीव्ह, ठोकता येतो. मग सिलिंडर पुन्हा मूळ मापावर आणता येतो. बिडाच्या ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटवर गेलेला तडाही वेल्डिंग न करता, चुडीच्या पिना एकमेकींत गुंतवत शिवता येतो. ही कामं प्रत्येक गल्लीत होत नाहीत. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी ओतकाम आणि मशीनकामाची जुनी परंपरा आहे, तिथे विचारायला हरकत नाही. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, किंवा तडा मेन बेअरिंगच्या बैठकीत असेल, तर मात्र मीही ब्लॉक बदला असंच म्हणेन. तिथे जिवाशी खेळ नको.

गैरसमज: दुसरं इंजिन टाकणं स्वस्त आणि सोपं.

कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात जुनं इंजिन मिळालं, तरी त्याचं वय आपल्या इंजिनाएवढंच असतं. ते आतून कसं आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावर पुन्हा तेच चोवीस आकडे घ्यावे लागतात. असं इंजिन सुटे भाग आणि ब्लॉक यांचा साठा म्हणून घ्यायला उत्तम. बसवलं आणि निघालो, अशा भरवशावर घेऊ नये.

वेगळ्या जातीचं इंजिन घातलं तर खर्च इंजिनपुरता राहत नाही. जीपमध्ये डिझेल टाकण्याची लाट आली ती पेट्रोलच्या खर्चाने, आणि तेव्हा ते समजण्यासारखं होतं. महिंद्राने स्वतःही पुढे डिझेल जीप काढल्या. पण त्या कारखान्यातून तशा तयार होऊन आल्या. गॅरेजमध्ये बदल करताना माउंटिंग, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग हे सगळंच बदलतं. पुढचं वजन वाढतं, आणि ब्रेक मात्र जुनेच ड्रमचे राहतात. शिवाय दहा वर्षांनी त्या जोडकामाचे सुटे भाग शोधताना कुठलंच मॅन्युअल उपयोगाला येत नाही.

गैरसमज: इंजिन आपलं, आरटीओला काय सांगायचं?

इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार असा बदल करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. नंबर जुळला नाही तर गाडी विकताना आणि विम्याचा दावा करताना अडचण येऊ शकते.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक नियम लक्षात ठेवायला हवा. जुलै २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये असतं आणि ती दहा वर्षं चालते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. म्हणजे १९७०च्या आसपासच्या डिलाइटमध्ये आज परकं इंजिन टाकलं तर ही वाट बंद होण्याचा धोका आपण ओढवून घेतो. तोच ब्लॉक ठेवून बोअर केला, पिस्टन बदलले, तर गाडी मूळ इंजिनचीच राहते.

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीबद्दल थोडक्यात. इंजिन जॅम वाटलं तर सेल्फ मारू नका, गाडी ढकलून गिअरही टाकू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पान्याने क्रँक हलकेच मागेपुढे करा. बरीच इंजिनं अशी सुटतात.

गाडी गॅरेजला देण्याआधी इंजिन नंबरचा फोटो काढून ठेवा. बोअर आणि क्रँकची मापं कागदावर, सहीनिशी मागा. द्यायला तयार नसेल तर दुसरं गॅरेज बघा. आणि नाइलाजाने इंजिन बदलावंच लागलं, तर जुना ब्लॉक भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घरी ठेवा. आज न जमलेलं काम पुढे कोणीतरी करू शकेल, पण त्यासाठी तो ब्लॉक शिल्लक असायला हवा.