फुनाकोशी, गिचिन
(१० नोव्हेंबर १८६८–२६ एप्रिल १९५७). जपानी कराटेगुरू. ओकिनावातील ही विद्या जपानच्या मुख्य भूमीत रुजविणारा शिक्षक. ओकिनावा बेटावरील शुरी येथे कनिष्ठ दर्जाच्या दरबारी घराण्यात जन्म. बालपणी प्रकृती नाजूक होती. टोकिओच्या वैद्यक विद्यालयाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला. परंतु तेथे डोक्यावरील परंपरागत बुचडा काढावा लागे व घरच्यांनी त्यास संमती दिली नाही. १८८८ मध्ये शाळेत शिक्षक होताना मात्र त्याने तो कापला.

त्या काळी कराटे उघडपणे शिकवीत नसत. फुनाकोशी रात्रीच्या अंधारात अंको आसातो या गुरूच्या घरी जाई. अंको इतोसू हा त्याचा दुसरा गुरू. बचाव व प्रहार यांच्या हालचालींची ठराविक मालिका म्हणजे ‘काता’. एकच काता महिनोन्‌महिने घोटवून घेतली जाई आणि गुरूचे समाधान झाल्यावाचून पुढची मिळत नसे. आपल्याकडील तालमींतल्या वस्तादांची रीतही याहून फारशी निराळी नव्हती.

१९२२ मध्ये टोकिओतील शारीरिक शिक्षण प्रदर्शनात त्याने कराटेची ओळख करून दिली. ज्यूदोचा प्रवर्तक जिगोरो कानो याने त्याला प्रात्यक्षिकासाठी बोलाविले आणि पन्नाशी उलटलेला हा शिक्षक टोकिओतच राहिला. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट व बागकाम करून त्याने आरंभीचे दिवस काढले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ निघाले. श्रेणी व पट्टे यांची पद्धत त्याने ज्यूदोवरून घेतली.

‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहीत. उच्चार तोच ठेवून फुनाकोशीने ‘रिक्त हात’ हा अर्थ रूढ केला. त्याला त्याने बौद्ध शून्यतेचा आधार दिला; तथापि चीन-जपान वैमनस्याच्या त्या काळात हा बदल सोयीचाही होता, हे नाकारता येत नाही. ओकिनावातील अनेकांना तो रुचला नाही.

शिष्यांनी उभारलेली त्याची ‘शोतोकान’ ही व्यायामशाळा १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात नष्ट झाली. ‘शोतो’ हे त्याचे टोपणनाव. त्याच वर्षी त्याचा मुलगा व सहशिक्षक गिगो क्षयाने वारला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जपान कराटे संघटनेचे सन्माननीय प्रमुखपद त्याला मिळाले. कराटेत पहिला प्रहार आपला नसावा, ही त्याची शिकवण. सामन्यांना त्याचा विरोध होता. संघटनेची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली ती त्याच्या निधनानंतर काही महिन्यांनी, १९५७ मध्येच.

पुढे सामन्यांमुळेच कराटे दूरवर पोहोचले. महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाल्याने वाशीमसारख्या, मोठ्या शहरांपासून दूरच्या जिल्ह्यातील मुलांनाही ‘काता’ व ‘कुमिते’ (लढत) हे शब्द परिचयाचे झाले आहेत. २०२१ मध्ये टोकिओ येथे भरलेल्या ऑलिंपिकमध्ये कराटेला स्थान मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते नव्हते. फुनाकोशीचे स्मारक कामाकुरातील एंगाकुजी या मठात १९६८ मध्ये उभारण्यात आले. त्यावर पहिल्या प्रहाराविषयीचे त्याचे वचन कोरले आहे.