सालामांकातलं एक सत्र

स्पॅनिश शिकायला परदेशी जाण्याचे मार्ग दोन. भाषाशाळेची फी भरून थेट जायचं, किंवा आपल्या विद्यापीठाने तिकडच्या विद्यापीठाशी केलेल्या देवाणघेवाण करारातून जायचं. पहिल्या मार्गाला पैसे जास्त लागतात, दुसऱ्याला कागद जास्त लागतात. पहिल्याच्या जाहिराती जागोजागी दिसतात. दुसरा पुष्कळ स्वस्त आहे, पण त्याची नीट माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून तो इथे सविस्तर मांडला आहे, आणि उदाहरणाला स्पेनमधलं सालामांका घेतलं आहे.

सालामांकाचं विद्यापीठ लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ मध्ये स्थापन केलं. आजही चालू असलेलं ते स्पेनमधलं सर्वांत जुनं विद्यापीठ. आंतोनियो दे नेब्रिखाचं स्पॅनिश व्याकरण १४९२ मध्ये याच गावात छापलं गेलं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणारे वर्ग इथे १९२९ पासून भरतात. गावाची वस्ती दीड लाखाच्या आत आहे. त्यामुळे खोली भाड्याने देणारी बाई असो की कोपऱ्यावरचा बेकरीवाला, अडखळत बोलणारा विद्यार्थी कुणालाच नवा नसतो. माझ्या मते भाषा शिकायला माद्रिदपेक्षा असं गाव चांगलं. मोठ्या शहरात समोरचा माणूस पटकन इंग्रजीवर येतो.

आता करार. त्याचं तत्त्व सोपं आहे: इथून एक विद्यार्थी तिकडे जातो, तिथून एक इकडे येतो. प्रत्येक जण आपली फी आपल्याच विद्यापीठात भरतो, यजमान विद्यापीठ शिकवणीचं शुल्क घेत नाही. विमानभाडं, राहणं, जेवण, विमा, व्हिसा हा खर्च मात्र स्वतःचा. काही करारांना युरोपीय संघाच्या एरास्मस योजनेचं पाठबळ असतं. ही योजना १९८७ मध्ये अकरा देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आता भारतासारख्या युरोपबाहेरच्या देशांतले विद्यार्थीही तिच्यातून दोन ते बारा महिने जाऊ शकतात. स्पेनला येणाऱ्यांना महिन्याला सुमारे ८५० युरो आणि प्रवासखर्चाला वेगळी मदत मिळते. पण हे पैसे दोन्ही विद्यापीठांनी मिळून तसा प्रकल्प मंजूर करून घेतला असेल तरच मिळतात. म्हणून आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात तीन गोष्टी आधी विचाराव्यात. करार आहे का? तो कोणत्या विभागापुरता आहे? त्यात शिष्यवृत्ती आहे का? करार पुष्कळदा एकाच विभागापुरता असतो, आणि अभियांत्रिकीसाठी झालेल्या करारातून वाणिज्य शाखेच्या मुलीला जाता येत नाही.

निवड आपलं विद्यापीठ करतं आणि निवडलेल्यांची नावं तिकडे कळवतं. याला नॉमिनेशन म्हणतात. त्याशिवाय विद्यार्थ्याने स्वतः केलेला अर्ज यजमान विद्यापीठ विचारात घेत नाही. सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राची नावं साधारण एप्रिल-मेपर्यंत जातात, म्हणजे इथली निवड त्याआधीच्या हिवाळ्यात उरकलेली असते.

यानंतरचा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमकी त्याचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. त्याचं नाव लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडे कोणते विषय घेणार, त्यांना किती श्रेयांक, आणि त्यांच्या बदली इथले कोणते विषय सुटणार, हे सगळं त्यात लिहायचं असतं. सह्या तिघांच्या: विद्यार्थी, आपलं विद्यापीठ, यजमान विद्यापीठ. युरोपात वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरला जातो. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे ४० श्रेयांक आणि १,२०० तास आहेत. म्हणजे एका वर्षाची एका वर्षाशी तुलना केली, तर त्यांचे तीन श्रेयांक म्हणजे आपले दोन. सत्राला त्यांचे ३० श्रेयांक मिळवून आलेल्या मुलाला इथे २० मिळावेत हा सरळ हिशेब आहे. तो आधी कागदावर नसेल, तर परत आल्यावर एकेका विषयासाठी अर्ज करत फिरावं लागतं, आणि वर्ष वाया जायची पाळीही येऊ शकते. गुणांचंही तसंच. तिकडे दहापैकी पाचला पास आणि नऊच्या वर सर्वोच्च श्रेणी. सातला तिथे चांगली श्रेणी मिळते. तिचं इथे काय होणार, हेही आधीच ठरवून घ्यावं.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. स्पेनमधलं पहिलं सत्र सप्टेंबरात सुरू होतं आणि परीक्षा जानेवारीत होतात. आपल्याकडे सत्र जून-जुलैत सुरू होऊन परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते. त्यामुळे इथलं एक सत्र पूर्ण हुकतं आणि पुढच्या सत्राची सुरुवातही हातची जाते. हे टाळता येत नाही. फक्त ते विभागाला आधी ठाऊक हवं आणि लेखी हवं.

भाषेची तयारी किती हवी? युरोपीय मोजपट्टीवर ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर बसून इतिहास किंवा अर्थशास्त्राची व्याख्यानं ऐकायची तर बी१ ही खालची मर्यादा समजावी, बी२ असेल तर उत्तम. निव्वळ भाषेचे वर्ग कुठल्याही पातळीवर घेता येतात. सुरुवातीच्या चाचणीवरून तुकडी ठरते, पण या वर्गांची फी पुष्कळदा कराराबाहेर असते. माझं सांगणं एवढंच की मुळाक्षरं आणि क्रियापदांचे तक्ते गिरवायला स्पेनला जाऊ नये. ते काम घरबसल्या होतं. तिकडचे महिने बोलण्यासाठी राखावेत. मराठी माणसाला उच्चारांचा फायदा आहेच: स्पॅनिशमधले प, त, क आपल्यासारखेच, श्वासाचा झोत न सोडता उच्चारायचे असतात, आणि त, द दातांवरचेच.

गाव निवडताना एक गोष्ट पाहावी. बार्सेलोनाच्या विद्यापीठांत पुष्कळ विषय कातालान भाषेतून शिकवतात. सालामांका किंवा वायादोलिदला हा प्रश्न येत नाही. ग्रानादा विद्यार्थ्यांचं लाडकं शहर आहे, पण ते ज्या आंदालुसियात आहे तिथे शब्दाच्या शेवटचा स बोलताना बहुधा गळतो, त्यामुळे सुरुवातीला कान लावून ऐकावं लागतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. मुक्काम ९० दिवसांच्या वर गेला की विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवेशपत्र, आरोग्यविमा आणि खर्चाची ऐपत दाखवणारे कागद द्यायचे. २०२३ पासून ही ऐपत महिन्याला ६०० युरो धरली जाते. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असेल तर पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं, आणि पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढावं लागतं. एका सत्रासाठी जाणाऱ्याचा मुक्काम बहुधा या मर्यादेच्या आत बसतो.

राहायचं कुठे, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. चार भारतीय मुलांनी मिळून फ्लॅट घेतला की भाडं वाचतं, पण संध्याकाळी मराठी-हिंदीच कानावर पडते आणि सत्र संपताना स्पॅनिश आली तेवढीच राहते. यजमान कुटुंबात राहिलं की दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि रात्री नऊनंतर जेवणाच्या टेबलावर रोज बोलावंच लागतं. त्याला कुठल्याही वर्गाची सर येत नाही. शाकाहारी मुलांनी मात्र पहिल्याच दिवशी मांस, मासे, हॅम अशी नावं घेऊन काय चालत नाही ते सांगावं. तिथे मसूरही पुष्कळदा डुकराच्या सॉसेजबरोबर शिजवतात, आणि बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतंच. कुटुंब परवडत नसेल तर स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर खोली घ्यावी. जोडीला भाषेची अदलाबदल करणारा सोबती शोधावा, तासभर त्याने तुमच्याशी स्पॅनिश बोलायची, तासभर तुम्ही त्याच्याशी इंग्रजी. विद्यापीठाच्या सूचनाफलकावर अशी माणसं भेटतात.

निघण्याआधी गुणपत्रक आणि मुक्कामाचा सही-शिक्क्याचा दाखला हाती घ्यावा. परत आल्यावर भाषा ताजी असतानाच देले परीक्षा द्यावी. ती इन्स्तितुतो सेर्वान्तेस घेते, तिचं केंद्र दिल्लीत आहे, आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. सिएले नावाची दुसरी परीक्षा संगणकावर होते, पण तिचं प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं.

शेवटी विभागप्रमुखांना एक विनंती आहे. विद्यार्थ्याने अर्ज, विमा, व्हिसा सगळं स्वतः निस्तरलेलं असतं. त्याचे श्रेयांक ग्राह्य धरणारी सही तेवढी तुमच्या हातात असते. ती तो विमानात बसण्यापूर्वी करा.