संगणकही मराठी करूया

आपल्या बडोद्यातल्या घरांत मराठी बोलली जाते; पण संगणकावर चार ओळी लिहायच्या म्हटल्या की हात रोमन लिपीकडे वळतो. त्या लिपीत काल, काळ आणि कळ हे तिन्ही शब्द सारखेच दिसतात. पुढच्या पिढीला ल-ळ, न-ण यांतला फरक डोळ्यांनी दिसायला हवा असेल, तर घरचा संगणक मराठी करून घेणे हा सोपा उपाय आहे. त्याला पैसे पडत नाहीत. इंटरनेट मात्र हवे.

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडून 'टाइम अँड लँग्वेज' आणि त्यात 'लँग्वेज अँड रीजन' येथे जावे. 'ॲड अ लँग्वेज' दाबून मराठी निवडावी. परवाना 'होम सिंगल लँग्वेज' असेल, तर पडद्यावरच्या सूचना मराठीत करता येत नाहीत. तरीही निराश होऊ नये. मराठी कळफलक त्यातही चालतो.

कळफलक दोन प्रकारचे मिळतात. 'मराठी फोनेटिक'मध्ये रोमन अक्षरांत नमस्कार टंकला की देवनागरी शब्द समोर येतो. नवशिक्यांना हा बरा. मराठीपुढच्या तीन टिंबांवर दाबून 'लँग्वेज ऑप्शन्स'मधून तो जोडावा. दुसरा 'इन्स्क्रिप्ट'. यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. भारतीय लिपींसाठी त्याची मांडणी समान असल्याने मराठी क आणि गुजराती ક एकाच कळीवर येतात. शाळेत गुजराती शिकणाऱ्या आपल्या मुलांना एका सरावात दोन्ही लिपी साधतात. भाषा बदलायला विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबावा.

आजी-आजोबांसाठी 'ॲक्सेसिबिलिटी'तील 'टेक्स्ट साइझ' वाढवून द्यावा. तो २२५ टक्क्यांपर्यंत वाढतो. मग काना-मात्रा, अनुस्वार स्पष्ट दिसतात.

या दोन्ही कळफलकांतून युनिकोड मजकूर तयार होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले लेखन तो फॉन्ट दुसरीकडे नसला की भलत्याच चिन्हांत दिसते. युनिकोडमधले लेखन दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवरही वाचता येते, शोधता येते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी, पाककृती, ओव्या आजच युनिकोडमध्ये उतरवून ठेवाव्यात, आणि स्मरणिकेचे लेखही तसेच पाठवावेत, ही आम्हा सर्वांची विनंती.